पाऊण फेरा

मारतहळ्ळी ब्रिजच्या थोडं अलीकडे, सकाळी पावणेनऊच्या गर्दीत मी उभा होतो. मागून कुणीतरी सारखा हॉर्न वाजवत होतं. बेंगळुरूत हॉर्न कुणी मनावर घेत नाही. मीही घेतला नाही. शेवटी स्कूटरवरचा एक पोरगा गाड्यांच्या फटीतून पुढे आला आणि माझ्या गाडीच्या पोटाकडे बोट दाखवून ओरडला, ‘सार, ऑइल! ऑइल!’

वाकून पाहिलं. इंजिनाच्या पुढच्या अंगाला, दोन सायलेन्सर पाइपांच्या बेचक्यातून तेल गळत नव्हतं, उडत होतं. तापलेल्या पाइपावर पडेल तिथे निळा धूर, बाकीचं डांबरावर, आणि तिथून नेमकं माझ्याच मागच्या चाकाखाली. तेल अजून सोनेरी होतं. काळं व्हायला त्याला वेळच मिळाला नव्हता. आदल्या संध्याकाळी मीच ते भरलं होतं आणि नवा फिल्टरही मीच लावला होता.

लाल बटण दाबून इंजिन बंद केलं. पाय टेकवला तर बूट सरकला. माझ्या मागून आलेल्या एका डिलिव्हरीवाल्या पोराचं चाक त्याच थारोळ्यात गेलं, गाडी आडवी होऊ लागली. दोन्ही पाय फरफटत त्याने ती कशीबशी सावरली. तो मला काही बोलला नाही, नुसतं पाहिलं आणि गेला. त्याने शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

ट्रॅफिक पोलिसाने गाडी कडेला घ्यायला लावली आणि न बोलता फुटपाथच्या बाजूच्या वाळूच्या ढिगाकडे हात केला. बेंगळुरूत रस्त्याकडेला कुठे ना कुठे खोदकाम चाललेलंच असतं. त्या दिवशी त्याचा उपयोग झाला. सिमेंटच्या रिकाम्या गोणीतून मी तीन खेपा वाळू आणली आणि तेलावर पसरली. ऑफिसचा शर्ट, पाठीला लॅपटॉपची बॅग आणि हातात वाळूची गोणी. बाजूने ३३५-ई बस गेली. खिडकीतली माणसं फार सावकाश माझ्याकडे बघत गेली, कारण बसच सावकाश चालली होती.

डिसेंबर २०२१ मधला तो सोमवार. चूक मात्र जून २०२० मधली होती.

*

मी मूळचा जतचा. सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा, कर्नाटकाला टेकलेला हा दुष्काळी तालुका. आमच्या आजीच्या बोलण्यात निम्मी कन्नड असायची, त्यामुळे मला ती समजते आणि अडखळत बोलताही येते. बेंगळुरूत आल्यावर कळलं की आमची कन्नड म्हणजे इथल्या लोकांना हसायचा विषय. आम्ही शब्दांची शेपटं तोडतो. पुरे म्हणायला इथे ‘साकु’, आमच्याकडे नुसतं ‘साक’.

राहायला मुन्नेकोळालला, मारतहळ्ळीच्या पलीकडच्या दाट वस्तीत. इंग्रजी पाटीवर ‘मराठाहळ्ळी’ असं वाचून गावाकडचे पाहुणे खूश होतात. शहाजीराजांची जहागीर बेंगळुरूत होती हे शाळेत शिकलेलं असतं, त्यामुळे नाव तिकडूनच आलं असणार असं ते ठरवूनच टाकतात. इथले जुने लोक दुसरीच गोष्ट सांगतात. जवळच्या एचएएलने बनवलेलं ‘मारुत’ हे लढाऊ विमान इथे पडलं, म्हणून हे नाव. मारुतचं पहिलं उड्डाण जून १९६१ मधलं. त्याच्या आधी या गावाला लोक काय म्हणत होते, असं विचारलं की सांगणारे हसून चहा मागवतात.

एचएएल मात्र खरोखर शेजारी आहे. डोक्यावरून तेजस विमान गेलं की फोनवरचं बोलणं थांबवावं लागतं. या कारखान्याची सुरुवात डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी केली. त्यांचंच नाव असलेल्या सांगलीच्या कॉलेजात मी मेकॅनिकल शिकलो आणि नोकरी सॉफ्टवेअरमध्ये धरली. म्हणजे पीळ, घर्षण, आटे यांवर मी चार वर्षं परीक्षा दिल्या होत्या. पाना हातात धरायची वेळ तेवढी आली नव्हती.

ती आली लॉकडाऊनमध्ये. २०१९ मध्ये हौसेने इंटरसेप्टर ६५० घेतली होती. जून २०२० मध्ये दुकानं उघडू लागली होती, पण सर्व्हिसची तारीख मिळत नव्हती. घरी बसून व्हिडिओ बघण्यापलीकडे काम नव्हतं. तेल आणि फिल्टर बदलणं हे गाडीवरचं सगळ्यात सोपं काम, असं सगळेच सांगत होते. खोटं नाही ते. सोपंच आहे, म्हणूनच त्यात चुका होतात. अवघड काम माणूस भीत भीत करतो.

या गाडीचा फिल्टर म्हणजे मुठीएवढा पत्र्याचा डबा. इंजिनातून आलेल्या आटेदार नळीवर तो बाटलीच्या बुचासारखा फिरवून बसवायचा. डब्याच्या तोंडाशी खोबणीत एक रबरी रिंग असते. गॅरेजवाले तिला वायसर म्हणतात. ती इंजिनाच्या सपाट तोंडावर दाबून बसली की तेल बाहेर यायला वाट राहत नाही. अडवाअडवीचं सगळं काम त्या रबराचं. आटे फक्त त्याला जागेवर धरून ठेवतात.

हे मला आज कळतं. त्या दिवशी मला एकच भीती होती, ती म्हणजे गळण्याची. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये उकिडवा बसून मी डबा हाताने आवळला. घट्ट लागला. पण हाताने लावलेलं म्हणजे कच्चंच, असं मनात आलं. फिल्टर काढायला चेन पाना आणला होता, तोच लावून आणखी पाऊण-एक फेरा पिळला. पत्रा थोडा करकरला, तेव्हा कुठे समाधान झालं. रिंगला आधी तेलाचं बोट लावायचं असतं हे व्हिडिओत ऐकलं होतं, पण त्या वेळी हात काळे झाले होते, नव्या तेलाचा डबा लांब होता, आणि एवढ्याने काय होणार होतं?

काहीच झालं नाही. एक थेंबही गळला नाही. मी मित्रांना फोटो पाठवले. गावाकडे फोन करून आप्पांनाही सांगितलं. त्यांचा ट्रॅक्टर आहे. तीस वर्षं त्याचे फिल्टर ते स्वतः बदलत आले आहेत. त्यांनी एवढंच विचारलं, ‘पान्यानं न्हाई न्हवं आवळलास?’ मी म्हटलं, ‘थोडंसं.’ ते म्हणाले, ‘काढताना कळंल.’

*

काढताना कळलं. मधली दीड वर्षं गाडी फारशी हललीच नव्हती. ऑफिस घरातच होतं. डिसेंबरमध्ये आठवड्यातून दोन दिवस बोलावणं सुरू झालं, तेव्हा रविवारी दुपारी मी पुन्हा बेसमेंटमध्ये उतरलो.

फिल्टर हलेना. हाताने नाही, फडक्याने धरून नाही, चेन पान्याने नाही. पाना पत्र्यावरून घसरून डब्याला नुसते पोचे पडत गेले. तासाभराने मी तेच केलं जे सगळे हताश लोक करतात. मोठा स्क्रूड्रायव्हर घेतला, हातोडीने डब्याच्या आरपार ठोकला आणि त्याच्या दांड्याला धरून पीळ दिला. डबा फिरायच्या ऐवजी फाटला. सार्डिनच्या डब्यासारखी पत्र्याची कड उलटी झाली आणि आतलं काळं तेल कोपरापर्यंत ओघळलं. शेवटी फाटका पत्रा धरूनच चेन पाना लावला, सगळं वजन टाकलं, आणि फाड्‍ असा आवाज होऊन फिल्टर सुटला.

सुटला याचाच आनंद एवढा मोठा होता की बाकी काही बघायचं भान राहिलं नाही. संध्याकाळ झाली होती, बेसमेंटचा दिवा लुकलुकत होता. इंजिनाचं तोंड फडक्याने पुसलं. पुसताना बोटांना एक गोल कंगोरा लागला. तो इंजिनाचाच भाग असेल, असं वाटलं. या वेळी मी शहाणा झालो होतो. नव्या फिल्टरच्या रिंगला बोटभर तेल लावलं, पान्याला हात न लावता हातानेच आवळलं, तेल भरलं, मिनिटभर इंजिन चालवून खाली वाकून पाहिलं. कोरडं. हात धुतले, जेवलो, झोपलो.

म्हणजे बघा, पहिल्या वेळी मी सगळं चुकीचं केलं आणि काही झालं नाही. दुसऱ्या वेळी सगळं बरोबर केलं आणि रस्ताभर तेल सांडलं.

*

वाळू पसरून झाल्यावर गाडी ढकलत निघालो. दोनशे किलोंवरची गाडी, खाली तेलकट चाक. मुन्नेकोळालच्या वाटेवर एक छोटं गॅरेज आहे, पत्र्याचं शटर आणि समोर फरशी. आत नेहमी तीन-चार बुलेट उघड्या पडलेल्या असतात. गॅरेजचे मालक पन्नाशीचे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. मी त्यांच्याकडे कधी काम दिलं नव्हतं. हवा भरायला तेवढा जायचो. तरी त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं.

मी माझ्या शेपूटतोड्या कन्नडमध्ये सांगितलं, फिल्टर सैल राहिला वाटतं, पान्याने आवळून द्या. अण्णा काही बोलले नाहीत. गाडी डबल स्टँडवर घेतली, खाली पुठ्ठा टाकला, त्यावर चक्क आडवे झाले आणि मोबाइलचा दिवा दोन पाइपांच्या मधून वर धरला. मग म्हणाले, ‘नोडि सार. एरडु.’

पाहा, दोन.

मीही पुठ्ठ्यावर आडवा झालो. दीड वर्षात पहिल्यांदा मी ती जागा डोळ्यांनी बघत होतो. आजवर सगळा कारभार चाचपून चालला होता. फिल्टर आणि इंजिन यांच्या मधून एक काळी रबरी जीभ बाहेर लोंबत होती. अण्णांनी फिल्टरला हात घातला आणि सहज फिरवून काढला. नव्या फिल्टरची रिंग त्याच्या खोबणीत जागच्या जागी होती. लोंबत होती ती जुन्या फिल्टरची. जून २०२० मध्ये कोरडीच लावून मी पान्याने पिळली होती, ती. दीड वर्ष ती तशीच दबून राहिली, कडक झाली आणि इंजिनाच्या तोंडाला चिकटून बसली. रविवारी मी फिल्टर ओढून काढला तेव्हा पत्रा आला, रिंग तिथेच राहिली. बोटांना लागलेला कंगोरा तोच. त्याच्यावरच मी नवा फिल्टर चढवला होता.

रबरावर रबर. मध्ये ताज्या तेलाचं बोट. खालच्या रिंगला धरायला खोबणी होती, वरचीला काहीच नव्हतं. संध्याकाळी मिनिटभर मंद चालवलं तेवढ्यात ती हलली नाही. डिसेंबरच्या सकाळी तेल काकवीसारखं घट्ट. ते पातळ होण्याआधीच मी गर्दीत ॲक्सिलरेटर पिळत होतो. थंड तेलाचा दाब वाढला आणि वरची रिंग साबणाची वडी मुठीतून निसटावी तशी एका बाजूने बाहेर आली. म्हणजे सैल राहिलं म्हणून गळलं नव्हतं. दीड वर्षापूर्वी जास्त आवळलं, म्हणून गळलं होतं. आणि हे सांगणाऱ्या माणसाला मी आल्या आल्या काय सांगितलं होतं, तर आणखी आवळा.

अण्णांनी जुनी रिंग नखाने सोलून काढली. ती वाकवली तर मोडली. रबर राहिलंच नव्हतं, नुसता कोळसा. मग उरलेलं तेल काढून मापात ओतलं. हा फिल्टर बदलला की साधारण तीन लिटरांवर थोडं तेल लागतं. मापात जेमतेम दोन होतं. ‘इन्नू स्वल्प दूर,’ एवढंच म्हणून त्यांनी हाताने इंजिन जॅम झाल्याची खूण केली. आणखी थोडं लांब गेला असतास तर.

*

त्यानंतरची दहा मिनिटं म्हणजे माझी खरी प्रॅक्टिकल परीक्षा. फिल्टर नवाच होता, रिंग शाबूत होती, तरी अण्णांनी पोराला पाठवून दुसरा आणवला. तो माझ्या हातात दिला आणि स्वतः बाजूला बसले.

आधी तोंड पुसायचं, तेही फडक्याने नुसतं फिरवून नाही. बनियनचं मऊ कापड घ्यायचं, धागे सोडणारं नको, आणि नखाने चौफेर खरवडून बघायचं. मग दिवा धरून डोळ्यांनी बघायचं. मग नव्या फिल्टरची रिंग बघायची: खोबणीत पुरती बसली आहे ना, कुठे पीळ पडला नाही ना. तिच्यावर नव्या तेलाचं बोट. हे तेल गळू नये म्हणून नसतं. कोरडं रबर फिरताना इंजिनाच्या तोंडाला धरतं, ओढलं जातं, सुरकुततं. ओलं रबर सरकत जाऊन बसतं आणि पुढच्या वेळी सुटतंही.

मग डबा नळीवर टेकवून आधी उलटा फिरवायचा. हे मला कुठल्याच व्हिडिओत दिसलं नव्हतं. उलटा फिरवताना एका जागी बारीकसं ‘टक्’ होतं, आटा आट्यावर आल्याचं. तिथून सुलटा फिरवला की तो लोण्यासारखा जातो. तिरका धरला तर अडतो, आणि अडलेला जोराने फिरवला की आटे गेले. फिल्टरचे गेले तर नवा आणता येतो, इंजिनाचे गेले तर रडायची वेळ.

हलका हलका फिरवत राहिलो. एका जागी रबर टेकल्याचं बोटांना कळलं. अण्णा म्हणाले, थांबा. त्यांनी खिशातला खडू काढून डब्यावर एक खूण केली. आता ही खूण पाऊण फेरा फिरू द्या. पाव झाला, अर्धा झाला, हाताला जोर लागायला लागला. पाऊणला आलो. मी सवयीने आणखी जोर लावायला बोटं सरसावली, तेवढ्यात माझ्या मनगटावर त्यांचा हात पडला.

‘साकु, सार. साकु.’

अण्णा पाऊण फेऱ्यावर का थांबले, हे मी रात्री वहीत मांडून पाहिलं. अशा पुष्कळ फिल्टरच्या आट्याची पिच दीड मिलिमीटर असते. पाऊण फेऱ्यात डबा सव्वा मिलिमीटरच्याही आत पुढे सरकतो. म्हणजे रबर जेमतेम एक-सव्वा मिलिमीटर दबतं. बस, तेवढ्यावर सगळं तेल अडतं. रबर दबून परत उसळायला बघतं, त्या उसळीतच त्याची ताकद. आणखी पिळलं की ती उसळी मरते आणि पत्र्याची बैठक वाकते. माझ्या डब्याची त्रिज्या सव्वातीन सेंटिमीटरच्या आसपास, चेन पान्याचा दांडा पंचवीसचा. हाताचा जोर तोच ठेवला तरी पीळ साडेसातपट. वालचंदच्या दुसऱ्या वर्षाचं हे गणित मी पूर्वी पंचवीसेक वेळा सोडवलं असेल.

*

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. बेळगावचे. एचएएलच्या ओझरच्या कारखान्यात बरीच वर्षं काढली, मग इथे, आता निवृत्त. त्या संध्याकाळी मी बेसमेंटमध्ये डिटर्जंटने पाइप धूत होतो, तेव्हा ते खाली आले. सगळं ऐकून घेतलं, हसले नाहीत.

‘आमच्याकडे ढिला राहिलेला नट लवकर सापडायचा,’ ते म्हणाले. ‘ढिलं हलतं, वाजतं, गळतं, ओरडून सांगतं. जास्त आवळलेला नट मुका असतो रे. तो ताण गिळून बसतो आणि नको त्या दिवशी तुटतो. म्हणून तर टॉर्क पाना. लोकांना वाटतं तो नीट घट्ट करायला असतो. तो थांबायला सांगायला असतो. कट् वाजला की हात काढायचा.’

मग त्यांनी वर जाऊन पांढरा पेंट मार्कर आणला. विमानाचा नट मापात आवळून झाला की त्याच्यावरून शेजारच्या धातूवर एक रंगाची रेघ ओढतात. पुढच्या तपासणीला पाना लावून बघायची गरज नाही. रेघ सलग असेल तर नट जागचा हललेला नाही. रेघेचे दोन तुकडे सरकलेले दिसले तर हललेला आहे. तपासायला म्हणून जो तो थोडं थोडं आवळत राहिला तर बिघडतं, म्हणून ही रेघ. त्यांनी माझ्या फिल्टरवर डब्यावरून इंजिनापर्यंत अशी एक रेघ ओढून दिली. ‘आता शंका आली की रेघ बघायची. हात लावायचा नाही.’

हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. त्यांनी मला बरोबर ओळखलं होतं. पुढचा आठवडाभर मी रोज सकाळी खाली वाकून ती रेघ बघत होतो, आणि रोज माझा हात आपोआप डब्याकडे जात होता. अगदी थोडंसं, उगीच, खात्रीसाठी.

फाटलेला जुना फिल्टर काकांनी टाकू दिला नाही. पत्रा कापायच्या कात्रीने आम्ही तो उभा चिरला. आत घड्या घातलेला कागद, हातपंख्यासारखा गोल बसवलेला. मधोमध भोकं पाडलेली पत्र्याची नळी. तेल कडेच्या छोट्या भोकांतून आत शिरतं, कागदातून गाळून मधल्या नळीत येतं आणि आट्याच्या भोकातून इंजिनात परत जातं. भोकांच्या मागे एक रबरी पाळ होती, इंजिन बंद झालं की तेल मागे ओघळू न देणारी. शिवाय एक स्प्रिंगची झडप. कागद पार तुंबला तर ती उघडते आणि न गाळलेलं तेल का होईना, इंजिनाला मिळतं. उपाशी ठेवण्यापेक्षा गढूळ पाणी बरं, हा दुष्काळी भागातला न्याय त्या डब्यातही होता.

रविवारी काढलेल्या तेलाचा प्रश्न उरला. गावाकडे आप्पा काळं तेल गोठ्याच्या मेढींना फासतात, वाळवी लागत नाही म्हणून. इथे मेढी नाहीत, आणि पार्किंगच्या कोपऱ्यातली जाळी मला खुणावत होती. पण ती जाळी राजकालुव्यात, म्हणजे मोठ्या नाल्यात उघडते, राजकालुवे वर्तूरच्या तळ्यात, आणि तळ्याचं पाणी पुढे दक्षिण पिनाकिनीला. फेसामुळे आमच्या भागातली तळी आधीच बदनाम आहेत. रस्त्यावर माझं लिटरभर सांडून झालं होतं. राहिलेलं कॅनमध्ये भरून अण्णांच्या पिंपात नेऊन ओतलं. ते पिंप महिन्याला एक गाडी येऊन घेऊन जाते.

*

त्या रात्री आप्पांना फोन केला. लपवण्यात अर्थ नव्हता. सगळं सांगितलं, डिलिव्हरीवाल्या पोराचंही. ते थोडा वेळ गप्प राहिले.

‘आरं, पाना काढाय असतोय,’ ते म्हणाले. ‘बशिवताना हातात घेतला की माणूस पिळतच सुटतंय. लय आवळलं म्हंजे चांगलं झालं, आसं वाटतंय त्येला.’ मग म्हणाले, ‘त्या पोराला लागलं न्हाई न्हवं?’

‘नाही.’

‘मग झालं.’

पण ते तेवढ्याने होत नाही. त्या जागेवरून मी अजून रोज जातो. पाऊस पडला की रस्त्यावर कुठेही इंद्रधनुष्यी तवंग दिसला तर चाक तिकडे न्यायच्या आधी मनात येतं, कुणीतरी रविवारी संध्याकाळी काम केलंय.

त्यानंतर मी फिल्टर चार वेळा बदलला. चेन पाना कपाटात वरच्या फळीवर आहे. पुढचाच फिल्टर काढायला घेतला तेव्हा पाना खाली काढून ठेवला होता, वेळ आली तर असावा म्हणून. इंजिन थोडं गरम करून तेल काढलं, पुठ्ठ्यावर आडवा झालो, दिवा लावला. पांढरी रेघ काळवंडली होती, पण सलग होती. फडक्याने डबा धरला आणि फिरवला. थोडा अडला, मग सुटला. हातानेच.

तो बाजूला ठेवायच्या आधी उलटा करून बघितला. रिंग खोबणीत होती, मऊ होती. मग दिवा वर धरून इंजिनाचं तोंड बघितलं, नखाने चौफेर फिरून आलो. तिथे काही नव्हतं.

आता हे काम मी मोठ्याने बोलून करतो. बेसमेंटमध्ये येणारी-जाणारी माणसं बघतात, बघू देत. जुना फिल्टर हातात घेऊन, त्याच्या रिंगवर बोट ठेवून, आजीच्या कन्नडमध्ये, शेपूट तोडून म्हणतो: ‘ओंद.’ एक. आणि मगच नवा उघडतो.